मुंबईच्या वाटेवर बुडालेले सोने

महापे येथील नियोजित दागिने उद्योग संकुलामुळे सोन्याचा व्यापार आता खाडीपलीकडे पाऊल टाकू पाहत आहे. एके काळी मुंबईचे सोने लंडनहून बोटीने येत असे. त्यातला एक मोठा साठा वाटेतच समुद्राने गिळला. तो ज्यांच्या कल्पकतेमुळे परत मिळाला, ते अल्बेर्तो जान्नी हे इटलीचे विख्यात पाणबुडे.

त्यांचा जन्म 1891 मध्ये व्हियारेज्जो या दर्यावर्दींच्या गावी झाला. पाणबुड्याची विद्या त्यांनी नौदलात आत्मसात केली. पुढे बुडालेल्या बोटींवरील माल काढणाऱ्या जिनोव्हाच्या ‘सोरिमा’ कंपनीत ते प्रमुख पाणबुडे झाले. ‘आर्तील्यो’ ही त्यांची बोट.

मुंबईकडे निघालेली ‘इजिप्त’ ही पी. अँड ओ. कंपनीची बोट 20 मे 1922 रोजी फ्रान्सच्या उशान्त बेटाजवळ दाट धुक्यात ‘सेन’ या मालवाहू बोटीशी टक्कर होऊन वीसएक मिनिटांत बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. खलाशांत हिंदी लोकांचा मोठा भरणा होता. दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी सुमारे 400 फूट खोल, थंडगार काळोखात जाऊन पडले. रबरी पोशाखातील पाणबुड्याला त्या काळी एवढ्या खोलीवर काम करणे अशक्यच होते.

कंपनीकडे हातपाय असलेला पोलादी पोशाख होता. पण पाण्याच्या दाबाखाली त्याचे सांधे हलेनात. जान्नी यांनी मग हातापायांचा मोहच सोडला. जाड काचांच्या खिडक्या असलेली एक पोलादी कुपी त्यांनी योजली. आत बसलेल्या माणसाने केवळ पाहायचे आणि टेलिफोनवरून सूचना द्यायच्या; त्यानुसार वरच्या यारीने लोखंडी पंजा हलवायचा. कुपीतली हवा साध्याच दाबाची असल्याने शरीरावर भार येत नसे. कल्पना तशी अगदी साधी.

दोन मोसम समुद्र पिंजून काढल्यावर ऑगस्ट 1930 अखेरीस ‘इजिप्त’ सापडली. पण हिवाळा तोंडावर आला आणि काम थांबले. मधल्या काळात बेल-ईलच्या परिसरात बुडालेले ‘फ्लोरेन्स एच.’ हे दारूगोळ्याचे जहाज सुरुंगांनी फोडण्याचे काम त्यांनी घेतले. आरंभी बोट बरीच दूर नेऊन सुरुंग उडवत. दारूगोळा काही पेटेना. तो निकामी झाला असावा, असे वाटू लागले आणि अंतर हळूहळू कमी होत गेले. 7 डिसेंबर 1930 रोजी तो सारा एकदम उडाला. ‘आर्तील्यो’ बुडाली. जान्नी यांच्यासह फ्रान्चेस्की आणि बर्जेलिनी हे त्यांचे अनुभवी सहकारीही गेले. वय अवघे 39.

उरलेल्यांनी त्याच नावाची दुसरी बोट सज्ज केली, नवे पाणबुडे तयार केले. जान्नी यांच्याच पद्धतीने 22 जून 1932 रोजी सोन्याच्या पहिल्या लगडी वर आल्या. 1935 पर्यंत बहुतेक साठा हाती लागला. मुंबईला मात्र ते सोने कधी पोहोचले नाही. विम्याची भरपाई केव्हाच चुकती झाली होती; ते उतरले इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात.