न्यायी अॅरिस्टायडीज : सार्वजनिक द्रव्याचा पहारेकरी

सार्वजनिक पैशावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्याच्या पदरी लोक काय टाकतात, हा प्रश्न काही आजचा नव्हे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरीत तो एका पुरुषाच्या आयुष्यात मोठ्या विलक्षण रीतीने उभा राहिला. त्या पुरुषाचे नाव अॅरिस्टायडीज. त्याचे देशबांधव त्याला न्यायी या उपपदाने ओळखीत. आपल्या स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मंडळाला शिष्यवृत्तीचा निधी आहे, वसतिगृहाचा जमाखर्च आहे, त्या मंडळाच्या कुटुंबांना हे परकीय चरित्र अगदीच परके वाटणार नाही, असा भरवसा वाटल्यावरून हा लेख सादर करीत आहे.

अॅरिस्टायडीज हा लायसिमॅकस नामक गृहस्थाचा पुत्र. क्लाइस्थेनीजने लोकसत्ताक राज्यव्यवस्थेची घडी बसविली, त्या काळात तो वाढला. त्याच्याच पिढीत थेमिस्टोक्लीज हा दुसरा बुद्धिमान पुरुष उदयास आला व दोघांचे वैर जन्मभर चालले. या वैराचे मूळ चरित्रकार प्लुटार्क याने स्वभावभेदात दाखविले आहे, आणि तेथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. थेमिस्टोक्लीजने आपल्याभोवती स्नेह्यासोबत्यांचा मोठा गट जमविला होता. ज्या आसनावर बसून आपल्या माणसांना परक्यांहून अधिक लाभ देता येत नाही, ते आसन मला नको, असे तो उघड म्हणे. अॅरिस्टायडीजने असा गट कधी बांधलाच नाही. मित्रांचे बळ पाठीशी असले म्हणजे मनुष्य अन्यायास प्रवृत्त होतो, अशी त्याची समजूत होती. आपल्या माणसांसाठी झटणे हेच ज्या मंडळींचे ब्रीद, त्यांना थेमिस्टोक्लीजचे म्हणणे गोड वाटण्याचा संभव आहे. म्हणूनच ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅराथॉनच्या मैदानावर इराणी सैन्याचा पराभव झाला. विजयानंतर अथेन्सचे सैन्य शहराच्या रक्षणासाठी तातडीने परतले व कैदी आणि लूट सांभाळण्यास अॅरिस्टायडीजला त्याच्या टोळीसह मागे ठेवण्यात आले. तंबूंतून सोन्यारुप्याचे ढीग पडलेले, उंची वस्त्रे व भांडी विखुरलेली. त्याने त्यातील कशासही हात लावला नाही व इतरांसही लावू दिला नाही. त्याच्या नजरेआड मात्र कॅलियस नावाच्या एका धनिकाने खड्ड्यात पुरलेले सोने लाटले, अशी कथा आहे. पुढील वर्षी अॅरिस्टायडीज राज्याचा मुख्य अधिकारी, म्हणजे आर्कन, झाला.

यानंतर लोकांनी त्याला राज्याच्या उत्पन्नाचा अधीक्षक म्हणून निवडले. अथेन्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याने मुदत संपताच आपला हिशेब लोकांपुढे ठेवावा असा कडक निर्बंध असे. पुढील काळात तर त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दहा हिशेबतपासनीस नेमीत, आणि हिशेब मंजूर होईपर्यंत त्या अधिकाऱ्यास देश सोडता येत नसे. अॅरिस्टायडीजने जुन्या वह्या उघडल्या. तत्कालीन अधिकाऱ्यांनीच नव्हे, तर त्यांच्या पूर्वीच्यांनीही मोठ्या रकमा गिळल्या होत्या, असे त्याने दाखवून दिले. त्यात थेमिस्टोक्लीजचे नाव ठळक होते. बुद्धीने थोर, पण हात सैल, अशी त्याची ख्याती होती.

परिणाम काय झाला? अॅरिस्टायडीजची मुदत संपून त्याचा स्वतःचा हिशेब देण्याची वेळ आली, तेव्हा थेमिस्टोक्लीजने सर्व दुखावलेल्यांना एकत्र करून त्याच्यावरच अपहाराचा आरोप ठेवला व तो शाबीतही करून घेतला! चोरांनी पहारेकऱ्यास चोर ठरविले. नगरीतील प्रतिष्ठित नागरिक या प्रकाराने संतापले; तेव्हा कोठे त्याचा दंड माफ झाला व तेच पद त्याच्याकडे पुन्हा सोपविण्यात आले.

आता त्याने निराळीच चाल धरली. पहिल्या वर्षाच्या कडकपणाचा पश्चात्ताप झाल्यासारखे दाखवून तो मवाळ बनला. कोणाच्या वह्या खोलात जाऊन पाहीना, कोणास पावती विचारीना. ज्यांना खावयाचे होते त्यांनी पोटभर खाल्ले, आणि तीच मंडळी त्याच्या स्तुतीने नगरी दणाणून सोडू लागली. याच्यासारखा अधिकारी होणे नाही, यालाच पुन्हा निवडा, म्हणून ती घरोघर हिंडली. मतदानाची वेळ आली, तेव्हा अॅरिस्टायडीज उभा राहिला आणि त्याने सभेची चांगलीच कानउघाडणी केली. मी इमानाने काम केले तेव्हा तुम्ही माझी विटंबना केली; आता तुमचा पैसा चोरांच्या स्वाधीन केला तेव्हा मी तुम्हांला उत्तम नागरिक दिसू लागलो. तेव्हाच्या शिक्षेपेक्षा आजच्या या मानाची मला अधिक लाज वाटते, अशा आशयाचे त्याचे भाषण झाले. मग त्याने त्या वर्षाच्या चोऱ्या एकेक करून उघड केल्या. स्तुतिपाठकांची तोंडे बंद पडली.

प्लुटार्क या घटनांनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता व या पदाच्या तपशिलाविषयी आधुनिक पंडितांना शंका आहेत, हे वाचकांपासून लपवून ठेवू नये. तथापि वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जात असता ज्यांचे लक्ष भोजनाच्या पंगतीकडे असते, त्यांनी तरी ही कथा केवळ दंतकथा म्हणून बाजूस सारू नये.

थेमिस्टोक्लीजने अखेर डाव साधला. अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यावर नाव लिहून एखाद्या प्रबळ नागरिकास दहा वर्षे हद्दपार करण्याची चाल होती. त्यासाठी निदान सहा हजार मते पडावी लागत. इ. स. पूर्व ४८२ च्या सुमारास अॅरिस्टायडीजवर ही पाळी आली. त्या दिवशी एका निरक्षर खेडुताने त्याला न ओळखता आपले खापर त्याच्याच हाती दिले व त्यावर अॅरिस्टायडीजचे नाव लिहिण्यास सांगितले. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारता, काहीच नाही, मी तर त्याला ओळखतही नाही, परंतु जिकडे तिकडे त्याला न्यायी म्हटलेले ऐकून कंटाळा आला आहे, असे उत्तर मिळाले. अॅरिस्टायडीजने काही न बोलता आपले नाव लिहून दिले. त्याच्या नावाची खापरे अथेन्सच्या उत्खननात सापडली आहेत.

दोनतीन वर्षांतच झर्क्सिझची स्वारी आली व हद्दपारांना परत बोलाविण्यात आले. सॅलमिसच्या आरमारी युद्धाच्या आदल्या रात्री शत्रूच्या गलबतांतून वाट काढून अॅरिस्टायडीज थेट आपल्या वैऱ्याकडे, थेमिस्टोक्लीजकडे, गेला व शत्रूने वेढा घातल्याची वर्दी देऊन त्याच्या हाताखाली लढण्यास सिद्ध झाला. पुढील वर्षी प्लॅटीयाच्या लढाईत अथेन्सच्या आठ हजार पायदळाचा तो सेनानी होता.

परंतु त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी लढाईची नव्हे, हिशेबाची आहे. इ. स. पूर्व ४७८-७७ मध्ये इराणविरुद्ध ग्रीक नगरांचा संघ स्थापन झाला. कोणी किती वर्गणी द्यावयाची हे ठरविण्यास सर्वांनी एकमुखाने याच माणसाची मागणी केली. त्याने नगरोनगरीची जमीन व उत्पन्न पाहून आकारणी केली. एकूण रक्कम ४६० टॅलेंट ठरली. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार ड्रॅक्मा, वजनाने सुमारे २६ किलो रुपे. म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ बारा हजार किलो रुप्याची आकारणी एका माणसाच्या शब्दावर झाली आणि कोणाची तक्रार उठली नाही. खजिना डेलॉस बेटावर ठेवला गेला. पुढे अथेन्सने ही वर्गणी वाढवीत नेली व खजिनाही आपल्याकडे आणला, तेव्हा मित्रनगरे अॅरिस्टायडीजच्या आकारणीचा काळ सुवर्णकाळ म्हणून आठवू लागली. तो या कामावर गरीब गेला व अधिक गरीब होऊन परतला, असे सांगतात. नगरीच्या स्वार्थासाठी तो परराष्ट्रकारणात कधी कधी न्यायास मुरड घाली, असा ठपका मात्र थिओफ्रास्टसने ठेवला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा असेल असे मला वाटत नाही.

थेमिस्टोक्लीजवर पुढे संकट आले, सारे त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा अॅरिस्टायडीजने त्याच्याविरुद्ध अवाक्षरही काढले नाही.

इ. स. पूर्व ४६८ च्या सुमारास तो वारला. उत्तरक्रियेपुरतेही द्रव्य घरात नव्हते. नगरीने फॅलेरम येथे त्याची समाधी बांधली. मुलींची लग्ने सरकारी खर्चाने झाली व प्रत्येकीस तीन हजार ड्रॅक्मा हुंडा राज्याने दिला. मुलगा लायसिमॅकस यास शंभर मिना रुपे व जमीन मिळाली. हाच मुलगा प्लेटोच्या लॅकीज या संवादात वृद्ध होऊन आपल्यापुढे येतो. वडिलांची थोर कृत्ये तो आपल्या मुलांना सांगतो, पण स्वतःचे सांगण्याजोगे त्याच्यापाशी काहीच नाही. वडील लोकांच्या कामात गुंतले आणि आम्हांला वाऱ्यावर सोडले, अशी त्याची खंत आहे. मुलास चांगले वळण कसे लावावे, हे इतरांना विचारण्यासाठी तो तेथे आलेला असतो. त्याने त्या मुलाला आजोबांचे नाव दिले आहे. अॅरिस्टायडीज.