संत जेन द शांताल यांची संकोची मैत्री

संत फ्रान्सिस द साल आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या मैत्रीण संत जेन यांच्याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो.

जेन यांचा जन्म १५७२ साली फ्रान्समधील दिजों शहरी झाला. त्यांचे पती बॅरन द शांताल १६०१ साली शिकारीत चुकून लागलेल्या गोळीने मरण पावले. पदरी चार लहान मुले. पुनर्विवाह करावयाचा नाही, असे व्रत जेन यांनी घेतले. इतकेच नव्हे, तर आपल्या आत्म्याविषयी अन्य कोणाशीही बोलावयाचे नाही, असे वचन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाने त्यांच्याकडून घेतले. ही तर बेडीच होती, असे आम्हांस वाटते.

१६०४ च्या उपवासकाळात जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस दिजोंला प्रवचनास आले. जेन यांचे मन त्यांच्याकडे ओढले गेले, आणि तितकेच धास्तावलेही. बोलावे तर वचनभंग, न बोलावे तर घुसमट! अखेर ऑगस्टमध्ये सेंट-क्लोद येथे फ्रान्सिस यांनी त्यांना त्या वचनातून मुक्त केले. १६१० साली दोघांनी आनसी येथे व्हिजिटेशन संघ स्थापिला.

पुढे १६१६ साली फ्रान्सिस यांनी त्यांना आपल्यावरचा आधारही सोडावयास सांगितले. जेन यांना ते फार जड गेले. डिसेंबर १६२२ मध्ये लिओं येथे दीर्घ काळाने भेट झाली, तेव्हा मनातले सांगण्याची जेन यांना आस होती. फ्रान्सिस यांनी आधी संघाची कामे काढली. मनातले राहूनच गेले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस ते निवर्तले.

जेन त्यानंतर १९ वर्षे जगल्या. त्या काळात संत व्हिन्सेंट द पॉल त्यांचे मार्गदर्शक होते.