विलेम आइन्थोव्हन : ईसीजीच्या तारांमागचा डॉक्टर

ईसीजीसाठी मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावायला घेतले की बरेच रुग्ण हात आखडून घेतात. आता करंट सोडणार अशी भीती असते. वयस्कर मंडळींना तर हमखास. प्रत्यक्षात हे मशीन तुमच्या शरीरात काहीच सोडत नाही. प्रत्येक ठोक्याला तुमचं हृदयच अगदी सूक्ष्म वीज निर्माण करतं, ती त्वचेपर्यंत पोचते आणि मशीन ती फक्त टिपून घेतं.

ही वीज किती? भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्वचेवर मिळणारा हृदयाचा संकेत साधारण त्याच्या दीड हजाराव्या भागाइतका. इतकी क्षीण गोष्ट अचूक मोजण्यात एका डच डॉक्टरने उमेदीची वर्षं घातली. त्यांचं नाव विलेम आइन्थोव्हन.

त्यांचा जन्म १८६० साली जावा बेटावरच्या सेमारांग गावी झाला. तेव्हा तिथे डचांची सत्ता होती आणि वडील तिथेच डॉक्टर होते. विलेम सहा वर्षांचे असताना वडील गेले. पुढे १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन हॉलंडला परतली आणि उट्रेख्त शहरात राहिली. घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे पुढे वसाहतीत लष्करी डॉक्टर म्हणून काम करायचं, असा करार करून विलेम यांनी शिष्यवृत्तीवर वैद्यकीय शिक्षण घेतलं.

विद्यार्थी असताना व्यायामशाळेत पडून त्यांचं मनगट मोडलं. हाताचं काम थांबल्यावर त्यांनी त्याच हाताचा अभ्यास सुरू केला : तळहात पालथा-उताणा करताना खांदा आणि कोपर कसे वळतात यावर. दुखण्याकडे यंत्र म्हणून पाहण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली. उट्रेख्तचे नावाजलेले नेत्रतज्ज्ञ डोंडर्स यांच्या हाताखाली त्यांनी १८८५ मध्ये प्रबंध पूर्ण केला आणि अवघ्या पंचविसाव्या वर्षी लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. लष्करी नोकरी टळली, पण शिष्यवृत्तीचे पैसे फेडावे लागले.

हृदयाच्या विजेचा शोध आइन्थोव्हन यांनी लावला, असं कधी कधी लिहिलेलं दिसतं. ते बरोबर नाही. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्येच माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख काढून दाखवला होता. आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगवरही ते हे प्रात्यक्षिक करत. पण त्यांच्या उपकरणात काचेच्या बारीक नळीतला पारा वर-खाली व्हायचा. पारा जड असल्याने हृदयाच्या गतीमागे पडायचा आणि आलेख लोळागोळा यायचा. खुद्द वॉलर यांनाही बरीच वर्षं वाटत होतं की रुग्णांसाठी याचा फारसा उपयोग नाही.

आइन्थोव्हन यांनी आधी हेच उपकरण वापरून पाहिलं. पारा किती मागे पडतो हे गणिताने काढून त्यांनी आलेख कागदावर दुरुस्त केला. त्यासाठी लागणारं उच्च गणित ते प्राध्यापक झाल्यावर स्वतःचं स्वतः शिकले. मूळ आलेखातल्या उंचवट्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली होती. म्हणून १८९५ मध्ये दुरुस्त आलेखासाठी त्यांनी पुढची अक्षरं घेतली : पी, क्यू, आर, एस, टी. तुमच्या रिपोर्टवर आजही हीच अक्षरं असतात. पी म्हणजे वरच्या कप्प्यांचं उद्दीपन, क्यूआरएस म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यांचं, आणि टी म्हणजे ते कप्पे पुन्हा पूर्वपदावर येणं.

पण दर रुग्णामागे इतकी आकडेमोड कोण करणार? उपकरणच बदलायला हवं होतं.

त्यांनी क्वार्ट्झचा, केसापेक्षाही कितीतरी बारीक धागा घेतला, त्यावर चांदीचा मुलामा दिला आणि तो जबरदस्त विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवला. धाग्यातून हृदयाची वीज गेली की चुंबकामुळे तो किंचित बाजूला सरके. त्याची सावली प्रखर प्रकाशात अनेक पट मोठी करून सरकत्या फोटोच्या काचेवर पाडायची. धाग्याला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे तो मागे पडत नसे. हे उपकरण १९०१ मध्ये त्यांनी जगापुढे मांडलं. काढलेला आलेख आधी गणिताने काढलेल्या आलेखाशी जुळला. एक पाऱ्याचा, एक धाग्याचा, आणि आकृती तीच. मला स्वतःला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत थोर वाटतो.

आता उपकरणाचा आकार ऐका. वजन सुमारे २७० किलो, चुंबक तापू नये म्हणून त्यावर खेळवलेलं पाणी आणि चालवायला पाच माणसं. रुग्ण खुर्चीवर बसायचा, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून. त्वचेतून वीज नीट मिळावी म्हणून हे पाणी. आज त्याच जागी चिमटे आले आणि मिठाच्या पाण्याचं काम जेल करते. उजव्या पायाची तार तेव्हा नव्हती. आजही ती हृदयाचा आलेख काढत नाही, बाहेरच्या विजेचा अडथळा कमी करते. छातीवरच्या सहा जागांची भर आइन्थोव्हन यांच्या नंतर पडली.

ईसीजीच्या वेळी बोलू नका, हलू नका असं टेक्निशियन का सांगतो, हेही यावरून कळेल. स्नायूसुद्धा वीज निर्माण करतात. थंडीने अंग थरथरत असेल तर तीच थरथर कागदावर उमटते. अशा वेळी पांघरूण मागायला संकोच करू नका.

एवढं अवजड यंत्र रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं आणि गंभीर रुग्णाला प्रयोगशाळेत आणणं धोक्याचं. म्हणून १९०५ मध्ये लायडनचं रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यात टेलिफोनची तार जोडून सुमारे दीड किलोमीटरवरून रुग्णाचा ईसीजी काढला गेला. पुढच्याच वर्षी आइन्थोव्हन यांनी अनियमित ठोके, जाड झालेलं हृदय, हार्ट ब्लॉक अशा आजारांचे आलेख प्रसिद्ध केले. आज गावातला डॉक्टर ईसीजीचा फोटो काढून शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला मोबाइलवर पाठवतो, ते त्याच वाटेवरचं काम.

आलेख आला, पण त्याचा अर्थ रुग्णाशेजारी बसूनच लागतो. ते काम लंडनच्या थॉमस लुईस यांनी मोठ्या प्रमाणावर केलं आणि त्याचं श्रेय आइन्थोव्हन यांनी मोकळेपणाने दिलं. हे आपल्यालाही लागू आहे. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल आणि डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी किंवा रक्ताची ट्रोपोनिन तपासणी सांगत असतील, तर पहिला कागद चांगला आहे म्हणून घरी जाऊ नका. उलट, ईसीजीत किरकोळ फरक छापून आला म्हणजे हृदय बिघडलंच असंही नसतं. मशीनने आपोआप छापलेलं निदान डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्यावर काळजी करत बसू नये.

१९२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक आइन्थोव्हन यांना मिळालं. बातमी आली तेव्हा ते व्याख्यानांसाठी अमेरिकेत होते. उपकरण घडवायला हातभार लावणारे त्यांचे जुने सहायक तोवर वारले होते. त्यांच्या दोन बहिणी हलाखीत राहत होत्या आणि आइन्थोव्हन यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांना दिली, असं सांगतात.

त्यांचा मुलगा विद्युत अभियंता झाला. बापलेकांनी मिळून तोच धागा आणखी बारीक करून दूरचे रेडिओ संदेश पकडण्यासाठी वापरला. हे संदेश जावा आणि हॉलंड यांच्यामधले होते. आइन्थोव्हन सप्टेंबर १९२७ मध्ये लायडनमध्ये वारले. त्यांचं वय ६७ होतं.