बोटांनी हृदय ऐकणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग



बाळ जन्मले की सर्वांचे कान त्याच्या रडण्याकडे लागतात आणि डोळे त्याच्या रंगाकडे. ओठ आणि नखे गुलाबी दिसली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण काही बाळांच्या हृदयातच जन्मतः दोष असतो. त्यांचे ओठ निळसर दिसतात आणि थोडे रडले, दूध ओढले की ती अधिकच काळीनिळी पडतात. १९४४ सालापर्यंत अशा बाळांवर कोणत्याही इस्पितळात खरा इलाज नव्हता. ही परिस्थिती ज्यांच्यामुळे बदलली, त्यांत अमेरिकेतील बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या जीवनाची आज ओळख करून घेऊ या.

अक्षरांशी झुंज

हेलन ब्रुक टॉसिग यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. वडील फ्रँक टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. घरात पुस्तकांना तोटा नव्हता, पण हेलनला वाचताच येत नसे. अक्षरे डोळ्यांपुढे उलटसुलट होत. या अडचणीला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. त्या काळी अशा मुलाला सरळ 'ढ' ठरवले जाई. त्यातच हेलन अकरा वर्षांची असताना आई क्षयरोगाने वारली. वडिलांनी मात्र मुलीला रागे भरले नाही. एवढा मोठा प्राध्यापक रोज लेकीजवळ बसून तिच्याकडून धीराने वाचून घेत असे. हेलन वाचायला शिकली आणि सावकाश, नीट लक्ष देऊन पाहण्याची सवयही तिला तेव्हाच लागली. ती सवय पुढे जन्मभर उपयोगी पडली.

बंद दारे

१९२१ साली बर्कली येथील विद्यापीठातून पदवी घेतल्यावर हेलन यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले. पण हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश नव्हता. एखाद्या वर्गाला बसण्याची सवलत मिळाली, तीसुद्धा मुलांपासून दूर, कोपऱ्यात. सूक्ष्मदर्शकाचे काम तर वेगळ्या खोलीत करावे लागे. शिकायला हरकत नाही, पदवी मात्र मिळणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. तेव्हा त्या बोस्टन विद्यापीठात गेल्या. तेथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर बेग यांनी त्यांच्या हाती एका बैलाचे हृदय दिले आणि एखाद्या मुख्य अवयवाचा अभ्यास करण्यास सुचवले. तेथून त्यांचे आणि हृदयाचे नाते जडले.

बेग यांच्याच सल्ल्याने त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय १८९३ साली सुरू झाले, तेव्हा मेरी गॅरेट या दानशूर बाईंनी मोठी देणगी देताना अट घातली होती, की स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा. चौतीस वर्षांनी, १९२७ साली, हेलन तेथूनच डॉक्टर झाल्या. १९३० साली बालरोग विभागाचे प्रमुख डॉ. एडवर्ड्स पार्क यांनी मुलांच्या हृदयरोगाचे क्लिनिक त्यांच्याकडे सोपवले.

कानांनी साथ सोडली

याच सुमारास एक नवे संकट आले. डॉ. हेलन यांना ऐकू येणे कमी होत गेले. हृदयाच्या डॉक्टरचे सारे काम स्टेथोस्कोपवर चालते. हृदयाची धडधड, त्यातील बारीक खरखर ऐकू आली नाही, तर निदान कसे करणार? दुसरा कोणी असता तर त्याने वेगळी वाट धरली असती. डॉ. हेलन ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला शिकल्या. आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप त्यांनी वापरला. आणि मुख्य म्हणजे त्या बोटांनी ऐकू लागल्या. बाळाच्या छातीवर तळहात अलगद ठेवून ठोक्यांतील थरथर त्या ओळखत. क्ष-किरणांच्या पडद्यावर बाळाला निरनिराळ्या बाजूंनी वळवून हृदयाचा आकार पाहत. जे बाळ वाचले नाही, त्याचे हृदय शवविच्छेदनात तपासून आपले निदान कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले, हे पडताळत. अशी पंधरा वर्षे गेली.

उलटा प्रश्न

अनेक निळ्या बाळांच्या हृदयात एकत्र चार दोष असतात. त्यांतील मुख्य दोन असे: हृदयातील पडद्याला भोक असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. त्यामुळे पुरेसे रक्त फुप्फुसात पोहोचत नाही. प्राणवायू न घेताच ते शरीरात फिरत राहते. म्हणून बाळ निळे दिसते.

डॉ. हेलन यांना एक गोष्ट दिसली. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाला महारोहिणी आणि फुप्फुसाची रोहिणी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. पण काही निळी बाळे ती नळी उघडी असेपर्यंत बरी राहत आणि ती बंद होताच खालावत. म्हणजे एरवी दोष ठरणारी ती नळीच या बाळांना जगवत होती! १९३८ साली बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी उघडी राहिलेली अशी नळी शस्त्रक्रियेने बंद करून दाखवली. सर्वांनी त्यांचे कौतुक केले. डॉ. हेलन यांच्या मनात मात्र उलटा प्रश्न आला: नळी बंद करता येते, तर नवी तयार का करता येऊ नये? त्या डॉ. ग्रॉस यांना जाऊन भेटल्या. पण त्यांना त्यात रस वाटला नाही.

१९४१ साली डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख म्हणून जॉन्स हॉपकिन्समध्ये आले. त्यांच्यासोबत त्यांचे प्रयोगशाळा सहायक व्हिव्हियन थॉमस होते. थॉमस कृष्णवर्णीय. सुतारकाम जाणणारे. डॉक्टर होण्याची त्यांची फार इच्छा होती. पण मंदीच्या काळात बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसे गेले. डॉ. हेलन यांनी या दोघांपुढे आपला प्रश्न मांडला. मग थॉमस यांनी दोन वर्षे खपून सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग केले. एवढ्या लहान रक्तवाहिन्यांना टाके घालण्याजोगी हत्यारे तेव्हा मिळत नसत. ती त्यांनी स्वतः घडवली.

२९ नोव्हेंबर १९४४

त्या दिवशी पंधरा महिन्यांची एक मुलगी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. वजन सुमारे चार किलो. असे ऑपरेशन कोणत्याही माणसावर पूर्वी झालेले नव्हते. ते करणे योग्य होते का? हा नीतीचा प्रश्न सोपा नाही. मूल टेबलावरच दगावण्याची भीती होती. पण हात आखडता घेतला असता, तर तोही एक निर्णयच ठरला असता आणि त्याचा परिणाम ठाऊक होता. आईवडिलांनी संमती दिली. ब्लॅलॉक यांनी चाकू हाती घेतला. त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस त्यांना टाका कसा घालावा ते सांगत होते आणि डॉ. हेलन बाळाच्या उशाशी होत्या. हाताकडे जाणारी एक रोहिणी वळवून फुप्फुसाच्या रोहिणीला जोडण्यात आली.

ती मुलगी त्या ऑपरेशनमधून वाचली आणि घरी गेली. परंतु काही महिन्यांनी पुन्हा निळी पडू लागली आणि अखेर देवाघरी गेली. १९४५ च्या फेब्रुवारीत आणखी दोन मुलांवर ऑपरेशन झाले. त्यांतील सहा वर्षांच्या मुलाचे ओठ टेबलावरच निळ्याचे गुलाबी झाले. त्यानंतर जगभरातून आईबाप निळी मुले कडेवर घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. काही वर्षांतच एक हजाराहून अधिक ऑपरेशने झाली. त्या पहिल्या मुलीला दीर्घायुष्य लाभले नाही. पण तिच्यामुळे उघडलेल्या वाटेने हजारो मुले चालत गेली.

श्रेय कोणाचे?

१९४५ च्या मे महिन्यात या तीन ऑपरेशनांवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यावर ब्लॅलॉक आणि टॉसिग अशी दोन नावे होती. थॉमस यांचे नाव कुठेही नव्हते. ब्लॅलॉक यांना त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. डॉ. हेलन यांना तो मान १९७३ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी मिळाला. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने स्त्रियांसाठी दार उघडले, तेही १९४५ सालीच. थॉमस यांना जॉन्स हॉपकिन्सने १९७६ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या डॉ. हेलन यांना स्त्री म्हणून कोपऱ्यात बसवले गेले, त्यांच्याच लेखात दुसऱ्या एका वंचिताचे नाव राहून गेले, ही गोष्ट मनाला लागते. आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला चटकन दिसतो, शेजाऱ्यावर होणारा मात्र उशिरा. आज अनेक डॉक्टर त्या शस्त्रक्रियेला तिघांच्याही नावाने ओळखतात. त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे जे चार गट आहेत, त्यांतील एकाला टॉसिग यांचे आणि दुसऱ्याला थॉमस यांचे नाव आहे.

शिष्यांची गुरुमाउली

१९४७ साली डॉ. हेलन यांचा जन्मजात हृदयदोषांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बालहृदयरोग ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. देशोदेशीचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला आले. आधी बाळाकडे नीट पाहा, हात लावा, आईचे ऐका, मग यंत्राकडे वळा, ही त्यांची शिकवण होती. त्यांनी लग्न केले नाही. शिष्य आणि रुग्ण हेच त्यांचे कुटुंब. शिष्यांना त्या घरी बोलावत आणि बरी झालेली मुले मोठी झाल्यावरही त्यांची विचारपूस करत. आपल्या देशातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यासुद्धा त्यांच्याकडे शिकल्या. त्यांनी पुढे दिल्लीत हृदयरोगाच्या उपचारांचा पाया घातला. २०२० साली त्या निवर्तल्या. म्हणजे बाल्टिमोरच्या त्या क्लिनिकमधील विद्या आपल्याही देशात पोहोचली.

आणखी एक लढा

१९६२ च्या जानेवारीत एका जर्मन शिष्याने बातमी दिली, की त्याच्या देशात हात किंवा पाय खुरटलेली पुष्कळ बाळे जन्माला येत आहेत आणि गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड नावाच्या गोळीवर संशय आहे. डॉ. हेलन तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्या तडक जर्मनीला गेल्या, इस्पितळे पालथी घातली, बाळे स्वतः पाहिली आणि परत येऊन देशभर धोक्याची सूचना दिली. अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी त्या गोळीला परवानगी रोखून धरली होती. डॉ. हेलन यांच्या साक्षीने त्यांना मोठे बळ मिळाले आणि त्याच वर्षी तेथे औषधांच्या तपासणीचा कायदा कडक झाला.

१९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १९६५ साली त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. निवृत्तीनंतरही संशोधन थांबले नाही. अखेरच्या काळात त्या पक्ष्यांच्या हृदयांतील दोषांचा अभ्यास करत होत्या. २० मे १९८६ रोजी काही मित्रमंडळींना मतदानासाठी गाडीतून नेत असताना अपघात झाला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला चारच दिवस उरले होते. आपला देह त्यांनी जॉन्स हॉपकिन्सला दान केला होता.

आता निळ्या बाळांच्या हृदयातील दोष बहुधा पहिल्या वर्षीच दुरुस्त केला जातो. आपल्या धर्मग्रामातही एखादे मूल अक्षरे उलटी लिहीत असेल, एखाद्या आजोबांना ऐकू येत नसेल. त्यांना 'ढ' किंवा 'बहिरा' म्हणण्यापूर्वी हेलनच्या वडिलांची आठवण ठेवू या. रोज पंधरा मिनिटे त्या मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकणे आपल्यापैकी कोणालाही जमेल. आणि कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानताना, स्टुलावर मागे उभ्या असलेल्या माणसाचे नाव राहून तर गेले नाही ना, हेही एकदा पाहू या.