सावित्रीमाईंची शाळा आणि किन्हीराजाची लेक

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. मुलीला पाळी येण्याआधी तिला उजवून टाकावे, ही त्या काळची धर्माज्ञा होती. जोतीरावांनी मात्र या बालवधूच्या हाती पाटी दिली. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. सनातन्यांनी शेणमाती फेकली, १८४९ साली घर सोडावे लागले, पण माई मागे हटल्या नाहीत.

हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. त्या शिक्षणाने मुलींना काय दिले, हे मात्र आपण कमी सांगतो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातील मुक्ताचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांच्या बायका डोक्यावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात बाळंत होतात, हे दुःख तिने त्यात मांडले. बाईच्या देहाचे दुःख एक शाळकरी मुलगी चारचौघांत मांडते, ही त्या शाळेची खरी कमाई होती.

१८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांना तेथे सुरक्षित बाळंतपण मिळाले. १८७४ साली काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना माईंनाही लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. मूल कधी आणि किती, हा बाईच्या जिवाचा प्रश्न आहे, हे त्या सभागृहाला पटले नाही.

आज वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावातली लेक शाळेत जाते, ती माईंच्या पुण्याईने. पण पाळीच्या दिवसांत शाळेत पाणी असलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल, तर ती घरी बसते. अभ्यास मागे पडतो, शाळा सुटते आणि मग घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. विटाळ मानणारा मनू असा मागच्या दाराने परत येतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात, असेही हाच कायदा सांगतो. आपल्या मायबहिणींनी त्या समितीत बसावे. पाणी आहे का, पॅड मिळतात का, वापरलेल्या पॅडची विल्हेवाट कशी लागते, पाळी आणि गर्भधारणेची माहिती मुलींना कोण देते, हे रोखठोक विचारावे. जयंतीला माईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आधी गावच्या शाळेचे स्वच्छतागृह पाहून यावे. तेच माईंना खरे अभिवादन ठरेल.