बेळगाव सोडावं लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर

किर्लोस्कर हे नाव आपल्या बेळगावकरांना परकं नाही. गावात त्या नावाचा रस्ता आहे. जुन्या पिढीतल्या कितीतरी घरांत किर्लोस्कर, स्त्री, मनोहर ही मासिकं येत असत. पण या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातच झाली आणि पुढे तो इथून हलवावा लागला, हे घरातल्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी लक्ष्मणरावांविषयी थोडं लिहितो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते, मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आलं, तेव्हा चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

नोकरी चालू असतानाच १८८८ मध्ये बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या इथे विकायचे. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याची फी १५ रुपये होती. पुढे मुंबईच्या नोकरीत त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

इथे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला. नांगर विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. आज आपण ही गोष्ट हसत सांगतो, पण मी बँकेत असताना शेतीकर्जाची कामं पाहिली आहेत, त्यामुळे मला त्या शेतकऱ्यांचं नवल वाटत नाही. ज्याच्याकडे जमिनीशिवाय दुसरी मालमत्ता नाही, तो तिच्यावर प्रयोग करायला सहजासहजी धजत नाही. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करून द्यायचा. हा लोखंडी मोडला तर जायचं कुठे? लक्ष्मणराव धीर धरून राहिले. शेतात चालवून दाखवल्याशिवाय असा माल पटत नाही.

धंद्याला जरा आकार येत होता, तोच बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. कारखाना उचलून न्यायचा म्हणजे बिऱ्हाड हलवण्याइतकं सोपं नसतं. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन त्यांनी देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिलं.

या कर्जापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. आमच्या खात्यात असा अर्ज आला असता तर पहिला प्रश्न तारणाचा, दुसरा जामीनदाराचा आणि तिसरा मागच्या तीन वर्षांच्या ताळेबंदाचा असता. इथे जागा गेलेला कारखानदार, चाचपडत खपणारा माल आणि पुढे नुसता माळ. राजेसाहेबांना माणूस माहीत होता, त्यांनी माणसावर पैसे दिले. बँक तसं करू शकत नाही, करूही नये, ठेवी लोकांच्या असतात. पण आपल्यावर असा भरवसा टाकला गेला, त्याचं लक्ष्मणरावांनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

१९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. साप भरपूर, पाण्याची ओढाताण. बरोबर आलेली माणसं कोण होती? शंभूराव जांभेकर पूर्वी इंजिनावर फायरमन होते, ते इथे इंजिनिअरचं काम करू लागले. मंगेशराव रेगे कारकून, त्यांनी हिशेब सांभाळला. अनंतराव फळणीकरांनी शिक्षण अर्धवट सोडलेलं. प्रमाणपत्रं पाहून भरती केली असती तर यातलं कोणीच आत आलं नसतं.

आणि रात्रीच्या पहाऱ्यावर होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही शिक्षा भोगून आलेले, पंचक्रोशीत ज्यांच्या नावाची धास्ती होती असे. त्या काळी माणसाची जात अशी नावालाच चिकटलेली असे आणि काही जातींना सरकार जन्मानेच गुन्हेगार धरत असे, हेही लक्षात ठेवायला हवं. माळावरची उघडी वसाहत, बायकामुलं, कारखान्यातला माल, सगळं लक्ष्मणरावांनी या दोघांच्या हवाली केलं. औंधच्या राजांनी त्यांना जे दिलं, तेच त्यांनी पुढे दिलं असं मला वाटतं. फरक इतकाच की इथे पणाला १०,००० रुपये नव्हते, झोपलेली घरं होती.

वाडीत अस्पृश्यता पाळायला त्यांनी बंदी घातली. १९१० च्या सुमारास हे करणं म्हणजे आपल्याच कामगारांची नाराजी ओढवून घेणं. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांकडे होती. नोकरी आणि घर एकाच मालकाच्या हाती असणं हे कामगाराच्या दृष्टीने नेहमीच सुखाचं असतं असं नाही, कारण नोकरी गेली की छप्परही जातं. तरी ज्या माळावर काहीच नव्हतं तिथे मालकाने बांधलं नसतं तर दुसरं कोण बांधणार होतं?

पुढचा इतिहास बराचसा माहीत असलेला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगरापाठोपाठ पंप आले. अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव यांनी कारभार कुठल्या कुठे नेला.

आता २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्याला आपण सीएसआर म्हणतो. कायदा चांगला आहे, त्यातून शाळा आणि दवाखाने उभे राहतात. मात्र तो हिशेब नफा झाल्यानंतर सुरू होतो. किर्लोस्करवाडीत पहारेकरी नेमले गेले तेव्हा नफ्याचा पत्ता नव्हता. कोणाला कामावर घ्यायचं आणि कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, हे तिथे धंद्याच्या पहिल्या दिवसांतच ठरलं होतं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनला आता किर्लोस्करवाडी म्हणतात. बेळगावहून मिरजमार्गे पुण्याला जाताना, मिरज सोडल्यावर सांगलीच्या पुढे ते लागतं.