कांदा-खोबरं भाजल्यावर घरभर वास सुटतो, त्याला ज्याचं नाव आहे तो डॉक्टर किडनीवर काम करायचा

कांदा-खोबरं तव्यावर तांबूस होईपर्यंत परतलं की शेजारच्यांनाही कळतं, आज यांच्याकडे झणझणीत रस्सा आहे. तेच कांदा-खोबरं पाण्यात उकडून वाटून बघा. कुणी ढुंकूनही बघणार नाही.

हा फरक पाडण्यात मोठा वाटा असतो मायार रिअ‍ॅक्शनचा. आपल्याकडे बरेच जण त्याला मेलार्ड म्हणतात, फ्रेंच उच्चार मात्र मायार. पावाची खरपूस कड, कॉफीच्या बियांचा रंग, भाकरीवरचे तपकिरी डाग, सगळीकडे हीच रिअ‍ॅक्शन. गंमत म्हणजे ज्याचं नाव तिला मिळालं, त्याचा स्वयंपाकघराशी काडीचा संबंध नव्हता.

लुई कामिय मायार. जन्म ४ फेब्रुवारी १८७८, फ्रान्सच्या लोरेन भागातल्या पाँतामुसाँ गावी. पोरगं हुशार. नान्सी विद्यापीठात आधी विज्ञान शिकला आणि १९०३ मध्ये डॉक्टरही झाला. पुढे युरिया, लघवी आणि किडनीचे आजार हा त्याच्या अभ्यासाचा विषय बनला. युरिया शरीरात तयार होतो तो प्रोटीनमधून. त्यामुळे मायारचं लक्ष प्रोटीनकडे जाणं साहजिकच होतं.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. शरीर ही माळ सहज ओवतं, प्रयोगशाळेत मात्र तेव्हा घाम फुटायचा. सौम्य पद्धतीने ती ओवता येईल का, हे मायार शोधत होता. ग्लिसरीनमध्ये अमिनो आम्लं तापवून त्याने थोडंफार यश मिळवलंही. मग डोक्यात आलं, ग्लिसरीनऐवजी साखर वापरली तर?

त्याने ग्लायसीन नावाचं साधं अमिनो आम्ल आणि ग्लुकोज पाण्यात घालून तापवलं. माळ राहिली बाजूला. मिश्रण आधी पिवळं पडलं, मग तपकिरी झालं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे यायला लागले. दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून भांडं धुऊन ठेवलं असतं. मायार त्या तपकिरी रंगाच्याच मागे लागला. १९१२ मध्ये त्याने हे काम फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलं.

साखर एकटीच तापवून तांबूस केली तर ते कॅरमल, ते वेगळं. चिरलेलं सफरचंद काळं पडतं ते एन्झाइममुळे, तेही वेगळं. मायार रिअ‍ॅक्शनला साखर आणि अमिनो आम्ल दोन्ही लागतात. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोरात चालते. पाणी १०० अंशांवरच उकळतं, म्हणून उकडलेला बटाटा पांढरा राहतो आणि तळलेला सोनेरी होतो. कमी तापमानालाही ती होते, फक्त सावकाश. तासभर आटवलेल्या बासुंदीला बदामी रंग येतो तो यामुळेच.

हा ‘सावकाश’ शब्द लक्षात ठेवा.

मायारला या कामाचं कौतुक बघायला मिळालं नाही. मध्येच पहिलं महायुद्ध आलं. १९१९ मध्ये तो अल्जीरियात अल्जिअर्स विद्यापीठात प्राध्यापक झाला. १२ मे १९३६ रोजी पॅरिसमध्ये एका स्पर्धेचं परीक्षण करत असताना त्याला अचानक मृत्यू आला. वय फक्त ५८.

नंतर दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी साठवलेली दूध पावडर आणि अंड्याची भुकटी तपकिरी पडून चव बिघडायला लागली, तेव्हा हा विषय पुन्हा वर आला. १९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉन हॉज यांनी या रिअ‍ॅक्शनच्या पायऱ्या नीट मांडून दाखवल्या. तेव्हापासून मायार म्हणजे खाण्याची गोष्ट, असंच समीकरण बसलं.

पण मायार डॉक्टर होता. ही रिअ‍ॅक्शन माणसाच्या शरीरातही महत्त्वाची ठरेल, डायबिटीसमध्येही, अशी शक्यता त्याने तेव्हाच मांडली होती. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल राहबार यांना डायबिटीसच्या पेशंटच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटून ते तयार झालं होतं. हीच मायार रिअ‍ॅक्शनची पहिली पायरी, ३७ अंशांवर, सावकाश.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. टेस्टच्या आदल्या दिवशी गोड सोडून काही उपयोग होत नाही तो यासाठीच. घरात कुणाला शुगर असेल तर रिपोर्टवर ‘एचबीए१सी’ ही ओळ सापडेल. तिथे मायारचं नाव मात्र कुठेच नसतं.